सासऱ्यांची लघवीची गोळी नवऱ्याला देऊ का?

पत्र : सप्रेम नमस्कार. माझे मिस्टर ३६ वर्षांचे आहेत, हायस्कूलला शिकवतात. बऱ्याच वर्षांपासून त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह आहे. गेल्या दिवाळीनंतर अंगाला खाज सुटायला लागली, रात्र रात्र झोप नाही. तपासण्या झाल्या, एमआरसीपी म्हणजे पित्तनलिकांची एमआरआय झाली आणि पीएससी म्हणजे पित्तनलिकांचा आजार निघाला. डॉक्टर म्हणतात, यावर खात्रीचं औषध नाही, लक्ष ठेवत राहायचं. सध्या पित्तासाठी अर्सोच्या ३०० च्या दोन गोळ्या आणि बीपीची टेल्मिसार्टन ४० चालू आहे. वजन ६८ किलो. पोटात पाणी नाही, पायावर सूज नाही. माझ्या भाच्यानं नेटवर शोधलं, तर स्पायरोनोलॅक्टोन या लघवीच्या गोळीवर संशोधन झालंय आणि तिनं लिव्हरचा घट्टपणा कमी होतो असं सापडलं. हीच २५ ची गोळी माझे सासरे हृदयासाठी घेतात, घरात पाकिटं पडलेली असतात. त्यातली अर्धी यांना दिली तर? लघवी थोडी जास्त होईल एवढंच ना? शिवाय सासूबाई यांना रोज शहाळं आणि गुळवेलीचा काढा देतात. ते चालू ठेवू का?
– एक वाचक, मिरज

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. ती गोळी देऊ नका. अर्धीही नको, पावही नको. आणि पत्र टाकल्यापासून आतापर्यंत दोन-चार दिवस दिली असेल, तर संकोच न करता थांबवा, उद्याच रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते रागावले तरी चालेल, पण त्यांना माहीत असलं पाहिजे.

तुमच्या भाच्यानं खोटं काही आणलेलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. त्यानं जे वाचलं त्याच्या मागे खरी कल्पना आहे आणि कल्पना हुशारीची आहे. आपल्या मूत्रपिंडांवर अधिवृक्क ग्रंथी असतात, त्यांच्यातून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन येतं. ते मूत्रपिंडाला सांगतं, मीठ आणि पाणी धरून ठेव, पोटॅशियम सोड. स्पायरोनोलॅक्टोन या हार्मोनची वाट अडवतं, त्यामुळे मीठ-पाणी बाहेर पडतं आणि पोटॅशियम अंगात राहतं. म्हणून लोक तिला पाण्याची गोळी म्हणतात. पण अल्डोस्टेरॉनचं काम मूत्रपिंडापुरतं नाही. हृदयात आणि लिव्हरमध्ये ते व्रण पडायला, ऊतक कडक व्हायला हातभार लावतं. तेव्हा शास्त्रज्ञांना वाटलं, की तीच वाट अडवली तर लिव्हरचा कडकपणा रोखता येईल का, हे पाहावं. प्रश्न रास्त आहे.

२०१२ मध्ये चिनी संशोधकांनी हे उंदरांवर करून पाहिलं. उंदराला भूल देऊन पोट उघडतात, पित्ताची मुख्य नळी शोधतात आणि दोऱ्यानं बांधून टाकतात. पित्त मागे तुंबतं आणि साधारण चार आठवड्यांत लिव्हरचा सिरॉसिस होतो, म्हणजे ते व्रणांनी कडक होतं. अशा उंदरांना स्पायरोनोलॅक्टोन दिलं, तेव्हा लिव्हरमधला तंतूंचा थर कमी आढळला आणि लिव्हरकडे येणाऱ्या शिरेतला दाबही उतरला. अर्जेंटिनातल्या रोसारिओच्या प्रयोगशाळेनं वेगळ्या अंगानं काम केलं. या औषधानं उंदरांच्या लिव्हरपेशींतला पित्ताकडे माल ढकलणारा एक पंप वाढतो, पित्त जास्त वाहतं, आणि स्त्री-हार्मोन देऊन मुद्दाम अडवलेला पित्तप्रवाह काहीसा सुधारतो, हे त्यांनी दाखवलं.

दोन्ही कामं चांगली आहेत. पण आता तुमच्या मिस्टरांकडे बघू. त्यांच्या नळीला कुणी दोरा बांधलेला नाही. पीएससीत लिव्हरच्या आतल्या आणि बाहेरच्या पित्तनलिका वर्षानुवर्षं सुजत राहतात, ठिकठिकाणी आवळतात, मध्ये मध्ये फुगतात. एमआरसीपीच्या चित्रात मण्यांची माळ दिसते ती याचीच. मागची कारणं प्रतिकारशक्तीतल्या बिघाडाशी आणि आतड्याशी जोडलेली आहेत. पीएससी झालेल्यांतल्या साधारण ७० टक्के लोकांना आतड्याचा दाह असतो, तुमच्याकडेही तेच झालं आहे. उंदराचा आजार एका दिवशी, एका गाठीनं सुरू झाला आणि औषधही त्याच महिन्यात मिळालं. माणसाचा आजार कळतो तेव्हा तो आधीच जुना झालेला असतो. शिवाय पुढे नळ्या अरुंद असताना मागून पित्ताचा जोर वाढवला तर भलं होईल की नुकसान, हे आधी गृहीत धरून चालत नाही. ते माणसांत मोजून बघावं लागतं.

आणि मोजायचं म्हणजे काय मोजायचं, इथेच पीएससीच्या संशोधनानं मोठी ठेच खाल्ली आहे. ही गोष्ट तुम्हाला ऐकवायलाच हवी, कारण ती तुमच्या घरातल्या दुसऱ्या गोळीची, अर्सोची आहे.

अर्सो पित्त पातळ ठेवायला मदत करतं, आणि त्यानं लिव्हरच्या तपासण्यांचे आकडे सुधारतात हे आधीपासून दिसत होतं. मग साहजिकच विचार आला, की डोस वाढवला तर? अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पुढाकारानं १५० रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांना वजनाच्या दर किलोला २८ ते ३० मिलिग्रॅम इतका मोठा डोस, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. अर्सो घेणाऱ्यांच्या तपासण्या खरोखर सुधारल्या. अल्कलाइन फॉस्फटेज, एसजीओटी हे रक्तातले लिव्हरचे आकडे उतरले. कुणीही रिपोर्ट बघून म्हणालं असतं, औषध लागू पडलं. पण सहा वर्षांनी चाचणी मध्येच थांबवावी लागली. मृत्यू, लिव्हर बदलावं लागणं, अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, सिरॉसिस, पित्तनलिकेचा कॅन्सर अशा गंभीर गोष्टींपैकी काही ना काही अर्सो घेणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना झालं होतं, आणि नुसती पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकी २६ टक्क्यांना. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी मोठे डोस बंद केले.

हे वाचून अर्सो टाकून देऊ नका हं. तुमच्या मिस्टरांचा डोस ६८ किलोला ६०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ९ च्याही आतला. त्या चाचणीतल्या डोसच्या तो जवळपासही नाही. तो चालू ठेवायचा, बदलायचा की थांबवायचा हे त्यांच्या डॉक्टरांवर सोडा. स्वतःहून वाढवू मात्र नका.

पीएससीत रिपोर्टचे आकडे आणखीही एका तऱ्हेनं चकवतात. अल्कलाइन फॉस्फटेज औषधाशिवायसुद्धा वर-खाली होत राहतं. आज ५००, दोन महिन्यांनी ३००, परत ४५०. समजा तुम्ही सासऱ्यांची गोळी सुरू केली आणि पुढचा रिपोर्ट उतरलेला आला, तर तुम्हाला वाटेल गोळीनं केलं. शेजारच्या कुणाला तसंच सांगाल, तो त्याच्या घरात करील. लांबच लांब चालणाऱ्या, खर्चिक चाचण्या कशाला लागतात, असं लोक विचारतात. असल्या दिशाभुलीसाठी लागतात.

आता 'लघवी जास्त होईल एवढंच ना' या प्रश्नाकडे येतो. सगळ्या पत्रात मला धडकी भरवणारं वाक्य हेच होतं.

तुमचे मिस्टर टेल्मिसार्टन घेतात. ती गोळीही अल्डोस्टेरॉन खाली आणते आणि पोटॅशियम थोडं वाढवते. वरून रोज शहाळं. एका मोठ्या शहाळ्याच्या पाण्यात केळ्याइतकं किंवा त्याहून जास्तच पोटॅशियम निघतं. घरात 'लो सोडियम' मीठ वापरत असाल तर बघा, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. एवढ्या सगळ्यावर स्पायरोनोलॅक्टोन दिलं की पोटॅशियम अंगात साठायला लागतं. साठताना ते काही सांगत नाही. कधी थोडा अशक्तपणा, कधी काहीच नाही, आणि मग एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात कोलायटिस उसळला, दिवसाला आठ-दहा जुलाब व्हायला लागले आणि वर पाणी काढणारी गोळी चालूच राहिली, तर अंगातलं पाणी घटून क्रिएटिनिन वाढतं. मूत्रपिंड मंदावलं की पोटॅशियम आणखी साठतं. एकातून दुसरं.

मी घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही, घडलेलं आहे म्हणून लिहितो. १९९९ मध्ये या गोळीवर एक मोठी आणि उत्तम चाचणी झाली. हृदय खूप कमकुवत झालेल्या १६६३ रुग्णांत स्पायरोनोलॅक्टोननं मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या सासऱ्यांना ही गोळी मिळते ती या कामामुळेच, आणि ती त्यांच्यासाठी बरोबर आहे. चाचणीत मात्र क्रिएटिनिन २.५ च्या वर किंवा पोटॅशियम ५ च्या वर असलेल्यांना घेतलं नव्हतं, आणि घेतलेल्यांचं रक्त ठरलेल्या दिवशी तपासलं जात होतं. निकाल छापून आला आणि डॉक्टर भराभर गोळी लिहायला लागले. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला. हृदयविकाराच्या म्हाताऱ्या रुग्णांत या गोळीची चिठ्ठी १९९४ मध्ये हजारी ३४ जणांना मिळत होती, २००१ च्या अखेरीस ती हजारी १४९ वर गेली. त्याच काळात वाढलेल्या पोटॅशियममुळे दवाखान्यात भरती व्हायचं प्रमाण हजारी २.४ वरून ११ वर गेलं, आणि त्यातल्या मृत्यूंचं हजारी ०.३ वरून २ वर. हे सगळे टेल्मिसार्टनच्याच जवळच्या जातीच्या बीपीच्या गोळ्या घेणारे लोक होते. गोळी तीच होती. देखरेख सुटली होती. आणि ही चिठ्ठी तर डॉक्टरांनी लिहिलेली. तुम्ही चिठ्ठीशिवाय, कपाटातल्या पाकिटातून द्यायचं म्हणताय.

आणखी एक, जे बायका विचारत नाहीत आणि पुरुष सांगत नाहीत. त्या १९९९ च्या चाचणीत गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी १० टक्क्यांना छाती वाढणं किंवा छातीत दुखणं हा त्रास झाला. दुसऱ्या गटात तो १ टक्का होता. ३६ वर्षांच्या, मुलांसमोर उभं राहून शिकवणाऱ्या माणसाला हे किती लागेल त्याचा विचार करा. सासऱ्यांना तसं काही होत असेल तर तेही त्यांच्या डॉक्टरांना सांगायला हरकत नाही, त्यावर दुसरी गोळी असते.

मग करायचं काय? मला वाटतं, तुमच्या पत्रातलं खरं दुखणं खाज आहे. लिव्हर कडक होईल की नाही हा पुढचा प्रश्न झाला, पण माणूस रात्रभर नखांनी पाठ ओरबाडतो आणि सकाळी फळ्यासमोर उभा राहतो, हे आजचं आहे. त्याच्यावर औषधं आहेत. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या या खाजेवर फारशा चालत नाहीत, त्यांनी गुंगी येते इतकंच. कोलेस्टिरामाइनची पावडर पाण्यात घोळून देतात. ती इतर औषधंही धरून ठेवते, म्हणून अर्सो आणि ती पावडर यांच्यात चार तासांचं अंतर ठेवावं लागतं, आणि हे सांगायचं बऱ्याचदा राहून जातं. रिफॅम्पिसिन देतात, त्यानं लघवी नारिंगी होते आणि अधूनमधून लिव्हरच्या तपासण्या कराव्या लागतात. आणि जुनं औषध नव्या कामाला लावायचं तर कसं, याचा नमुना बघायचा असेल तर बेझाफायब्रेटचा बघा. ही चरबी कमी करायची जुनी गोळी. नेदरलँड्सच्या पुढाकारानं पीएससी आणि तिच्या जवळच्या पीबीसी या आजाराच्या रुग्णांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये निकाल आला. २१ दिवस गोळी घेणाऱ्यांपैकी ४५ टक्क्यांची खाज निम्म्यानं किंवा जास्त उतरली, पिठाची गोळी घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांची. हे माणसांवर झालं आणि माणसाला जे छळतं तेच मोजलं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना खाजेबद्दल नीट सांगा, रात्री किती वेळा उठतात हेही सांगा. पुष्कळ पुरुष तपासणीच्या खोलीत 'ठीक आहे' म्हणून मोकळे होतात आणि बाहेर येऊन बायकोला सांगतात.

काही गोष्टी चुकवू नका. थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, क्रोसिनवर काढायचं नाही. कोलायटिस आणि पीएससी दोन्ही असले की मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून कोलायटिस शांत असला तरी कोलोनोस्कोपी ठरलेल्या वेळी करायची. पित्ताशयाची सोनोग्राफीही वर्षाला.

गुळवेलीचा काढा बंद करा. सासूबाईंना दुखवायचं नसेल तर माझं नाव सांगा. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेल सुरू झाली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. त्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्या लिव्हरवर उलटल्याच्या खुणा होत्या. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते म्हणून घेतली जाते. तुमच्या मिस्टरांचा आजारच प्रतिकारशक्तीच्या गोंधळाचा आहे, त्यांना ती चेतवून काय करायची आहे? यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, वाद झाला, तो चालू राहो. पीएससीच्या माणसानं त्या वादात पडायचं कारण नाही. शहाळं मात्र नुसतं चालेल, पोटॅशियम आणि मूत्रपिंड ठीक असेल तोवर. सासूबाईंकडे एवढं तरी राहू द्या. सासऱ्यांना मात्र रोज शहाळं देऊ नका, ते स्पायरोनोलॅक्टोनवर आहेत. त्यांचं पोटॅशियम कधी तपासलं होतं तेही बघा.

भाच्याच्या शोधाशोधीला चांगलं काम द्या. त्याला सांगा, काही वाचलं की पहिलं बघायचं, हे उंदरांवर झालंय की माणसांवर. माणसांवर असेल तर किती जणांवर आणि दुसऱ्या गटाला पिठाची गोळी होती का. आणि शेवटी मोजलं काय, रक्तातला आकडा की माणसाचं बरंवाईट. भारतात चालणाऱ्या औषधचाचण्यांची नोंद आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. तिथे आजाराचं नाव टाकून शोधता येतं. कुठे पीएससीवर चाचणी निघाली आणि तुमचे डॉक्टर म्हणाले की मिस्टर तिच्यात बसतात, तर जरूर विचार करा. चाचणीतल्या औषधाचे आणि तपासण्यांचे पैसे सहभागी माणसाकडून घ्यायचे नसतात, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. 'आमच्याकडे संशोधन चालू आहे, पन्नास हजार भरा' असं कुणी म्हणालं तर तिथून निघून या.

राहिलं एक. पुढे कधी आजार वाढून पोटात पाणी झालं, तर तुमचे डॉक्टर हीच स्पायरोनोलॅक्टोन लिहून देतील, बहुधा १०० पासून सुरुवात करून, जोडीला फ्युरोसेमाइड ही लघवीची दुसरी गोळी देऊन. सिरॉसिसमध्ये अल्डोस्टेरॉन फार वाढलेलं असतं, म्हणून तिथे ती नेमकी लागू पडते, वर्षानुवर्षं वापरात आहे. तेव्हा 'सदरात नको म्हणाले होते' म्हणून अडून बसू नका. तेव्हा वजन रोज मोजायचं, टेल्मिसार्टन बंद करायची का ते विचारायचं, आणि पहिल्या आठवड्यातच सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करून घ्यायचं. आज मात्र पोटात पाणी नाही, आणि त्या पाकिटावर सासऱ्यांचंच नाव आहे.